अनोळखी पत्ता

सिस्टर सनातूने फोनवर रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत यातलं काहीच विचारलं नाही, तेव्हाच वुनपिनीने ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी सिस्टरची विचारपूस संपेपर्यंत हातातली बाजरीची पेज निवून जायची.

"वुनपिनी, तुमचं मोबाइलवरचं पान मेलंय," सिस्टर म्हणाली.

"मेलंय म्हणजे?"

"म्हणजे उघडत नाही. नुसती लाल अक्षरं. हे बघ, माझ्यासमोर बाई बसलीय. पहाटे तेलासाठी शियाच्या झाडाखालच्या बिया वेचायला गेली, पाल्याखाली हात घातला, खाली फुरसं. नळीत रक्त घेऊन ठेवलंय, ते गोठायला तयार नाही. माझ्याकडे लस नाही. सांग, कुठं पाठवू?"

वुनपिनीने चवळीची भजी तशीच द्रोणात ठेवली. "सिस्टर, जरा थांबा. मी बघते."

"मी थांबेन गं. बाई कशी थांबेल?" मागे तीनचाकीचं इंजिन फटफटत होतं. कुणीतरी पुरुष मोठ्याने काहीतरी विचारत होता. "तालुक्याच्या इस्पितळात मागच्या आठवड्यात लस होती. तिकडेच लावून देते. असली तर नशीब." आणि फोन बंद झाला.

पेजवाली म्हातारी म्हणाली, "पोरी, भजी?" पण वुनपिनी मोटरसायकलवर बसलीसुद्धा होती.

ते पान मुळात सिस्टरच्याच तक्रारीतून जन्माला आलं होतं. लान्जेयिलीच्या आरोग्य केंद्रात ती एकटी सिस्टर. सापाचं माणूस आलं की एका हाताने त्याचा पाय धरायचा आणि दुसऱ्या हाताने इस्पितळांना फोन लावत बसायचं. कुणी उचलायचं नाही, कुणी उचलून "साहेब जेवायला गेलेत" म्हणायचं. मागच्या वर्षी तामाले शहरात एका बैठकीत ती उठून म्हणाली होती, "तुम्ही कॉम्प्युटरवाले एवढं लग्नाचे फोटो दाखवता, तर लस कुठं आहे तेवढं दाखवा की." वुनपिनी आणि तिचा भागीदार नापारी मागच्याच बाकावर होते. त्यांनी ते मनावर घेतलं. प्रत्येक केंद्राने लस आली की, वापरली की एक मेसेज टाकायचा. वापरली असेल तर कुणाला साप चावला, कुठल्या गावचा, तेही लिहायचं. साइट ते मेसेज उचलून पानावर आकडे मांडणार. मोबाइलवर पान उघडलं की कळलं, कुठं किती कुप्या आहेत. गेल्या कापणीपासून ते बिनबोभाट चालू होतं.

ऑफिसात नापारी आधीच पडद्यासमोर उभा होता. खुर्चीवर बसायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

"कोड आपलाच आहे. एक अक्षर बदललं नाहीये," तो म्हणाला. "आणि हे म्हणतंय, सुरक्षेच्या कारणाने परवानगी नाकारली. कसली परवानगी? कुणाची?"

साइट राजधानीतल्या, अक्रातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर राहायची. तिथला सर्व्हर सांभाळणारा क्वाब्ला नावाचा वयस्क माणूस होता. वुनपिनीने त्याला फोन लावला.

"काल रात्री सगळी गिऱ्हाइकं नव्या सर्व्हरवर हलवली, मॅडम," क्वाब्लासाहेब शांतपणे म्हणाले. "आता कुणाच्याच कोडला पूर्ण मोकळीक नाही. आपल्या फोल्डरबाहेर हात घालायचा नाही, बाहेरच्या पत्त्यावर न विचारता जायचं नाही. ईमेल केली होती की तुम्हाला."

"ईमेल नापारीला येते."

नापारीने छताकडे पाहिलं.

"साहेब, आमचं पान दुकान नाहीये. इथं साप चावलेली बाई रस्त्यावर आहे. आजच्यापुरतं पहिल्यासारखं करून द्या. मी पाया पडते."

"मॅडम, मागच्या महिन्यात एका कपड्याच्या दुकानाच्या पोराने मला हेच म्हटलं. आजच्यापुरतं सगळं उघडा. मी उघडलं. त्याच्या कोडमधून कुणीतरी आत शिरला आणि शेजारच्या सगळ्यांचं पुसून गेला. त्या शेजाऱ्यांत एक प्रसूतिगृह होतं. तिथल्या बायांना बाळंतपणाच्या तारखा तोंडपाठ नव्हत्या, मॅडम. त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही."

वुनपिनीने कागद-पेन पुढे ओढलं.

"नेमकं काय हवंय ते सांगा," ते म्हणाले. "ही फाइल, हा पत्ता. तेवढं मी उघडतो. सगळं दार काढून ठेवायला सांगू नका. आणि जे काय ते बाराच्या आत. माझ्या मामाची मयत आहे, होहो गावी. गाडी दारात उभी आहे."

फोन ठेवल्यावर नापारी म्हणाला, "काळा शर्ट घालून बसला असणार. या दक्षिणेकडल्यांच्या मयती आज शुक्रवारी सुरू होतात त्या रविवारी संपतात, आणि आपली मरायला टेकलेली माणसं सोमवारपर्यंत थांबतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या कंपनीत सेलासी आहे. वसतिगृहात माझ्या खोलीत होता. सेटिंगमध्ये एक शब्द बदलायचा असतो. 'मध्यम भरवसा'च्या जागी 'पूर्ण भरवसा'. म्हातारा मयतीला गेला की कुणाला कळणारही नाही."

"विचार त्याला," वुनपिनी म्हणाली. पटकन म्हणाली. तो क्षण नंतर आठवला की तिला स्वतःचा राग यायचा, पण त्या वेळी तिने खरंच तसंच म्हटलं.

सेलासी फोन उचलेना. नापारी खोलीत येरझाऱ्या घालत पुन्हापुन्हा तोच नंबर दाबत राहिला आणि वुनपिनीने कोड उघडला.

कोड कुठं अडतो ते आता ती एकेक ओळ वाचत शोधू लागली. कोण आलं, काय मागितलं, याची टिपणं साइट एका फाइलमध्ये ठेवायची, आणि ती फाइल सर्व्हरच्या अगदी मुळाशी, दुसऱ्याच्या जागेत होती. सुरुवातीला घाईत कुठंतरी टाकलेली, तिथंच राहिलेली. नव्या सर्व्हरने पहिल्याच पावलाला हात धरला होता. तिने फाइल आपल्या फोल्डरमध्ये आणली. बदललेला कोड चढवायला मोडेम लावला. हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती.

तेवढ्यात फोन वाजला. आवाज पुरुषाचा होता.

"मी याहुझा. सिस्टरने तुमचा नंबर दिला. अझारा माझी मावशी. आम्ही तालुक्याच्या इस्पितळात पोचलो. इथं लस संपलीय. हिच्या हिरड्यांतून रक्त येतंय. हे लोक म्हणतात पिकअप देतो, ड्रायव्हर देतो, पण कुठं जायचं ते तुम्ही सांगा. सांगा ना!"

"सांगते. फोन जवळ ठेवा."

कोड चढला. पान उघडलं. लाल अक्षरं तशीच, फक्त या वेळी तक्रार वेगळी. मेसेज जमा करणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावर जायला परवानगी नाही. एक गाठ सुटली, तिच्याखाली दुसरी निघाली.

तिने क्वाब्लासाहेबांना पत्ता कळवला. "हा रास्त आहे," ते म्हणाले. "उघडतो. थोडं लागेल."

"साहेब, आणखी एक. आमचा डेटा तुमच्यासमोर आहे ना? तक्ता उघडा आणि मला नुसतं वाचून दाखवा. कुठल्या केंद्रात किती."

पलीकडे कळा वाजल्या. मग ते वाचू लागले. परक्या मुलुखातली गावांची नावं त्यांच्या जिभेवर वळत नव्हती. "लान्...लान्जेयिली, शून्य. तालुका इस्पितळ, दोन."

"त्या दोन संपल्या. पुढे."

"बुयिली, शून्य. कुन्झोग मिशन दवाखाना, चार." ते थांबले. "मॅडम, हे कालपर्यंतचं आहे. रात्रीपासून नवीन काही आलेलं नाही. आमच्यामुळेच ना?"

"हो," वुनपिनी म्हणाली.

कुन्झोग नदीपलीकडे. रस्ता खड्ड्यांचा. नापारीने मिशनला फोन लावून पाहिला, पण त्या बाजूचा टॉवर वाऱ्याने गेला की दिवसदिवस यायचा नाही. दुसरं काही हाताशी नव्हतं. वुनपिनीने याहुझाला सांगितलं, "कुन्झोगला निघा. काल तिथं चार होत्या."

"काल?"

"निघा तुम्ही. वाटेत फोन करते."

दुसरी परवानगी उघडली. तिने पान पुन्हा उघडलं आणि या वेळी ती खुर्चीत पुढे झुकली. पुन्हा तीच लाल अक्षरं. पण त्यांत जो पत्ता होता तो तिने जन्मात पाहिला नव्हता. ना मेसेजच्या कंपनीचा, ना त्यांचा स्वतःचा. आकडे आणि टिंबं, आणि शेवटी कुठल्यातरी भलत्याच देशाची दोन अक्षरं.

"नापारी, हे काय आहे?"

त्याने वाकून पाहिलं. "माहीत नाही."

"आपला कोड इथं जायला बघतोय. प्रत्येक मेसेज वाचला की इथं जातोय."

नापारीचा चेहरा हळूहळू उतरला. "मेसेज वाचायचा तो कोडचा तयार तुकडा..." तो म्हणाला. "मी नेटवरून घेतलेला. फुकट होता. सगळे वापरतात, वुनपिनी. तूच म्हणालीस लवकर उरक."

"म्हणाले होते."

तिने तो तुकडा उघडायचा प्रयत्न केला. आतलं सगळं गुंडाळून बंद केलेलं होतं, वाचता येत नव्हतं. पण तो काय करतो ते सांगायला लाल अक्षरं पुरेशी होती. कापणीपासून जितके मेसेज आले, तितके हा बाहेर कुणाला तरी पोचवत होता. सिस्टरांचे नंबर. चावलेल्यांची नावं, गावं. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं मनगट पकडलं होतं.

नेमका त्याच वेळी नापारीचा फोन वाजला. सेलासी होता. नापारीने स्पीकर लावला.

"दोस्ता, मीटिंगमध्ये होतो. बोल, करू का? म्हातारा खाली गाडीत सामान ठेवतोय. एक शब्द बदलतो, तुमचं पान चालू."

नापारीने वुनपिनीकडे पाहिलं. "करूया," तो म्हणाला. "आजच्यापुरतं. तो जो कुणी आहे त्याला गेले सहा-आठ महिने मिळतंय, आणखी एक दिवस मिळेल. बाई वाचेल."

"आणि तिचंही नाव जाईल."

"नाव! तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय आणि तू नाव काय घेऊन बसलीस?"

"तो नुसता वाचत असेल हे तुला कुणी सांगितलं?" वुनपिनीचा आवाज चिरकला. "पूर्ण मोकळीक दिल्यावर तो चाराचे शून्य करील, शून्याचे चार करील, आपल्याला कळणार आहे? बाहेरच्या कुणाचा तरी हात आपल्या पानात आहे, नापारी. ते पान बघून मी गाडी कुठं पाठवू?"

"हॅलो? करू की नको?" सेलासी विचारत होता.

"नको," वुनपिनी म्हणाली.

नापारीने फोन टेबलावर आपटला. "बाई मेली ना," तो म्हणाला, "तर मी सिस्टरला सांगेन, निर्णय कुणाचा होता ते." आणि तो दाराबाहेर गेला. वुनपिनीला वाटलं, गेला. पण मोटरसायकलचा आवाज आला नाही. तो बाहेर निंबाच्या सावलीत उभा राहून एकेका केंद्राला फोन लावत होता. "हॅलो, लस आहे का? सापाची. अहो, सापाची!" त्याचा आवाज खिडकीतून येत राहिला.

तिने तो तुकडा काढून टाकला. आता मेसेज वाचण्याचं काम तिला स्वतः लिहायचं होतं. तसं फार काही अवघड नव्हतं. केंद्राचं नाव, आकडा, असलंच तर माणसाचं नाव. पण एकेक सिस्टर एकेका तऱ्हेने लिहायची. कुणी आकडा आधी, कुणी नंतर, कुणी अक्षरात. घाईत चुका होत होत्या. रस्त्यावरून जुम्म्याच्या नमाजाला निघालेल्यांच्या मोटरसायकली जाऊ लागल्या, पांढरे झगे वाऱ्यावर फुगलेले. तिला दर थोड्या वेळाने वाटत होतं, सेलासीला परत फोन करावा. एकदा तर नापारीचा फोन तिने हातात घेऊन पाहिलाही. मग ठेवून दिला.

क्वाब्लासाहेबांचा फोन आला. "मॅडम, माझ्या घरचे हॉर्न वाजवताहेत. तुमचं काय झालं?"

"साहेब, आमच्या कोडमध्ये एक चोर होता. तुमच्या सर्व्हरने पकडला."

"तो पत्ता मला द्या," ते म्हणाले. "आणखी कुणाकडे आहे का ते बघतो." त्यांनी बायकोला ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, "तुम्ही पुढे व्हा, मी बसने येतो!" आणि मग वुनपिनीला, "चढवा तुमचा कोड. मी इथं बसलोय."

हिरवी पट्टी सरकली. पान उघडलं. लाल अक्षरं नव्हती. रात्रीपासून अडकून पडलेले मेसेज एकामागून एक आत येऊ लागले आणि आकडे तिच्या डोळ्यांदेखत बदलले. कुन्झोग मिशन, चाराचं शून्य. पहाटेच, टॉवर जायच्या आधी, दोघे भाऊ आले होते, एकाच वारुळाशी चावलेले. आणि बुयिली, शून्याचे दहा. काल रात्री उशिरा नवीन खोकं उतरलं होतं.

"नापारी!" ती किंचाळली. "बुयिली!"

तो खिडकीशी आला. "काय बुयिली? तिथला फोन कुणी उचलतच नाही."

"दहा आहेत!" ती याहुझाचा नंबर दाबत होती. लागला नाही. पुन्हा दाबला. पुन्हा. नापारीनेही आपल्या फोनवरून दाबला. शेवटी त्याचाच लागला.

"याहुझा, कुठं आहात?"

"नदी दिसतेय आता."

"परत फिरा. फाट्यावर या आणि बुयिलीचा रस्ता धरा. कुन्झोगला काही नाही."

पलीकडे नुसता गाडीचा आवाज आला. मग याहुझा अगदी हळू म्हणाला, "फाटा मागे राहून किती वेळ झाला, माहितेय तुम्हाला?"

"माहितेय. फिरा."

गाडी फिरली. त्या दुपारी नापारी नमाजाला गेला नाही, वुनपिनी जेवली नाही. पान दर थोड्या वेळाने ती ताजं करायची. दिवस कलल्यावर बुयिलीच्या ओळीत दहाचे सहा झाले आणि शेजारी मेसेज आला, अझारा, लान्जेयिली. ते वाचून नापारीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

अझारा जगली. पण गाडी जितकी उलटसुलट फिरली तितका वेळ विषाला मिळाला, आणि उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली ती पडलीच. तामालेच्या मोठ्या इस्पितळात ती काढावी लागली.

पुढच्या आठवड्यात वुनपिनीने एकेका केंद्राला स्वतः फोन करून सांगितलं की तुमचे मेसेज बाहेर जात होते, आणि आमच्या चुकीने जात होते. बहुतेकींना ते नीटसं कळलं नाही. सिस्टर सनातूला कळलं. ती तामालेला अझाराला बघायला आली होती, तेव्हा वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून वुनपिनीने तिला सगळं सांगितलं. सेलासीचा फोन, स्वतः म्हटलेलं "नको", सगळं.

"म्हणजे तू हो म्हटलं असतंस," सिस्टर म्हणाली, "तर बोटं राहिली असती."

"कदाचित."

"मी त्या बायांना सांगते, नाव खरं सांगा, गाव खरं सांगा, सरकारी काम आहे, घाबरू नका. मी सांगते म्हणून त्या सांगतात." सिस्टरने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा घट्ट बांधला. "मला तुझ्यावर ओरडायचंय. पण नेमकं कशावरून ओरडू ते कळत नाहीये. तू आत ये आणि तिला सांग. माझ्या तोंडून नको."

अझारा भिंतीला टेकून बसली होती. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवलेला. ती सिस्टरला आधी आपल्या बियांबद्दल विचारू लागली. कुणी उचलल्या, वाळत घातल्या की कुजल्या. "जाऊबाईंनी उचलल्या असतील तर अर्ध्या गेल्या म्हणून समज," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग वुनपिनी तिच्या पलंगाशी उकिडवी बसली आणि जमेल तसं सांगितलं. की एक परका माणूस होता, तो चावलेल्यांची नावं ऐकत होता, आणि त्याला बाहेर काढता काढता उशीर झाला.

"माझं नाव त्याने ऐकलं?"

"नाही, मा. तुमचं नाही गेलं. तुमच्या आधीची गेली."

अझाराने थोडा विचार केला. "कापणीच्या वेळी माझी सवत गेली. शामाता. तिलाही फुरसंच चावलं होतं. तिचं नाव गेलं?"

वुनपिनीने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होती.

"गेलं असणार," वुनपिनी म्हणाली.

"मेलेल्या बाईचं नाव घेऊन तो काय करतो?"

"माहीत नाही, मा."

अझाराने पट्टी बांधलेला हात उशीवर नीट ठेवला. मग डाव्या हाताने तिने वुनपिनीचं मनगट धरलं.

"कुठल्या गावचा आहे तो?" तिने विचारलं.